आधी पिशव्या, मग सुई

"सर, तुम्ही आम्हाला रक्त द्या, रक्त द्या म्हणताय. पण तुम्ही स्वतः कधी कुणाला रक्त चढवायला चक्क नाही म्हटलंय का?"

प्रश्न किमयाचा नव्हता. तो स्पृहा आणि शिल्पाने मागच्या बाकावर बसून शिजवला होता आणि "हिंमत असेल तर विचार" असं म्हणून तिच्या पुढ्यात आणून ठेवला होता. डॉक्टर गडबडले तर स्पृहाने आठवडाभर किमयाचं दप्तर उचलायचं, नाही गडबडले तर उलट, अशी पैज लागली होती. मागच्या वर्षीपर्यंत किमया असल्या पैजांच्या वाटेला गेली नसती. हजेरी द्यायलासुद्धा तिचा आवाज बाकाखाली जाऊन लपायचा. पण जानेवारीत, सव्वीस तारखेच्या कार्यक्रमाला सूत्रसंचालन करणारी मुलगी ऐन वेळी तापाने आडवी झाली, बाईंनी हाताला लागली म्हणून किमयाला माइकपुढे ढकललं, आणि त्या दिवशी जो आवाज फुटला तो काही केल्या परत आत जाईना. आता "कुणाला काही शंका?" असं कुणी पाहुण्याने म्हणायचा अवकाश, की अख्खी दहावी माना वळवून तिच्याकडेच बघायची.

हॉलमध्ये खसखस पिकली. मुख्याध्यापकांनी चष्म्याच्या वरून डोळे वटारले. भिंतीवर रक्तदान जागृतीचा लालभडक बॅनर, टेबलावर पाहुण्यांसाठी नारळ आणि शाल, आणि ही पोरगी विचारते काय!

डॉक्टर काही गडबडले नाहीत. तिशी-पस्तिशीचे असतील. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, आणि हातातलं भाषण मघाशीच घडी करून खिशात टाकलेलं.

"म्हटलंय ना," ते म्हणाले. "काल सकाळीच म्हटलंय. आज दुपारी बहुतेक परत म्हणावं लागणार. बोलणीही खाल्लीत त्याबद्दल."

स्पृहाने बाकाखालून किमयाच्या पोटरीला लाथ मारली. "हरलीस! उचल दप्तर!"

पण किमयाला लाथ लागलीच नाही. तिचे डोळे डॉक्टरांच्या मागच्या फळ्यावर खिळले होते. तिथे सकाळपासून रंगीत खडूने लिहिलेलं होतं, आजचे पाहुणे डॉ. निकेश म्हात्रे. तिने ते नाव चारदा वाचलं होतं आणि चारही वेळा ते या कानातून त्या कानात जावं तसं या डोळ्यातून त्या डोळ्यात गेलं होतं. आता मात्र काल संध्याकाळचा हैबतकाकाचा फोन तिला लख्ख ऐकू आला. "मुंबैवरना नवा डॉक्टर आणलाय यांनी. निकेश का फिकेश! आठवड्यातनं दोन दिवस येतो नि म्हणतो पिशव्या नकोत! माझा भाऊ आत फुगून पडलाय नि हा म्हणतो नकोत!"

काकाचा भाऊ म्हणजे किमयाचा बाबा.

डॉक्टर तोवर फळ्याकडे वळले होते. "यकृताचा आजार असतो ना, त्यात असं होतं. रक्त गोठवणारे पदार्थ यकृतात तयार होतात. आणि रक्त नको तिथे गोठू नये म्हणून त्याला आवर घालणारे पदार्थ, तेही बरेचसे तिथेच. यकृत बिघडलं की दोन्ही घटतात. म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर ढिला, तसा ब्रेकही ढिला. गाडी आपली चाललेली असते. पण नेहमीची जी तपासणी आहे ती फक्त ॲक्सिलरेटर बघते. मग रिपोर्टवर लाल आकडा येतो. नातेवाईक म्हणतात, अरे बापरे, रक्त पातळ झालं, आता सुई टोचली की हा वाहत जाणार. पुष्कळदा डॉक्टरही घाबरतात. आणि सुई टोचायच्या आधी चढवा पिशव्या."

"मग सर, खरंच गोठतंय का नाही ते कळणार कसं?" हे शिल्पाने विचारलं, पैजेबाहेर, स्वतःच्या डोक्याने.

"गोठवून बघायचं! चमचाभर रक्त घ्यायचं आणि एका छोट्या मशीनमध्ये घालायचं. गुठळी कधी धरते, किती घट्ट धरते, मग विरघळते का, ते मशीन चित्र काढून दाखवतं." त्यांनी खडूने एक आडवी रेघ ओढली. ती पुढे जाऊन जेमतेम दोन बोटं रुंद झाली. "हे असं बारीक चित्र आलं तर समजायचं, बोंबील. गुठळी लेचीपेची." खाली दुसरी रेघ ओढली. ती थोडी सरळ गेली आणि मग पोट काढून ऐसपैस फाकली. "आणि हे पापलेट. गुठळी उत्तम. सध्या मासेमारी बंद आहे, तेव्हा चित्रावरच भागवा."

हॉल फुटला हसून. मुख्याध्यापकसुद्धा.

"बोंबील आला तर रक्तातलं नेमकं काय कमी आहे ते बघून तेवढंच द्यायचं. पापलेट आलं तर पिशवी तशीच फ्रीजमध्ये राहू द्यायची, दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. अर्थात ज्याला प्रत्यक्ष वाहतंय त्याला द्यावंच लागतं, आणि धावत द्यावं लागतं. म्हणून अठरा पूर्ण झाली की तुम्ही सगळ्यांनी यायचंय."

टाळ्या पडल्या. किमयाचे हात मांडीवरच राहिले.

त्याचं कारण समजायला तिच्या घराण्याची एक रीत समजून घ्यायला हवी. दुसऱ्यांच्या घरात कुणी दवाखान्यात पडलं की नातेवाईक डबे घेऊन जातात. यांच्याकडे रक्तगट घेऊन जातात. लग्नात आहेर द्यायचा राहिला तर एखाद वेळ खपून जाईल, पण दवाखान्यात पिशवी द्यायची राहिली तर ते पुढच्या पिढीला ऐकवलं जातं. ही रीत हैबतकाकाने पाडली. काका नि बाबाचे वडील महामार्गावर ट्रकखाली आले तेव्हा काका कॉलेजात होता. वडखळपासून पनवेलपर्यंत तो रक्तासाठी पळत सुटला आणि रक्त घेऊन परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून त्याने रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, आपल्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाचा रक्तगट पाठ केला. त्याचं हार्डवेअरचं दुकान, पण गिऱ्हाईक स्क्रू मागायला आलं तरी हा विचारणार, "ओ पॉझिटिव्ह ना रे तू?" रोह्यात नि अष्टमीत कुणाचंही ऑपरेशन असो, लोक आधी हैबतरावांना फोन करतात. आणि काकाचा नियम एकच, आधी पिशव्या, मग सुई.

दिवाळीनंतर बाबाच्या पोटात पहिल्यांदा पाणी झालं तेव्हाही तेच झालं. बाबा इथे पेणला गणित शिकवतो, उभ्या जन्मात त्याने दारूच्या थेंबाला हात लावलेला नाही. साखर आणि यकृतावरची चरबी, असं दोघांनी मिळून वर्षानुवर्षं आतल्या आत पोखरलं होतं. काकाने त्याला रोह्यातल्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं. रिपोर्टवर लाल आकडा होता. काकाने रक्तातल्या प्लाझ्माच्या चार पिशव्या उभ्या केल्या आणि पाणी काढायची सुई पोटात टोचायच्या आधी चारही चढवायला लावल्या. आणि सुईपर्यंत गोष्ट गेलीच नाही. चौथी पिशवी संपते न संपते तोच बाबाला धाप लागली, ओठ निळे पडले, आणि त्याला ऑक्सिजन लावून पनवेलला पळवावं लागलं. तो बचावला. सगळे म्हणाले, दुखणंच वाईट. काका म्हणाला, पिशव्या होत्या म्हणून वाचला. तेव्हापासून प्रत्येक सणावाराला, प्रत्येक पंक्तीत, तो हे सांगतो.

कार्यक्रम संपला तशी किमया बाकं ओलांडत पळाली आणि शालीत गुंडाळलेला नारळ सांभाळत जिना उतरणाऱ्या डॉक्टरांना तिने गाठलं.

"सर, तुम्ही काल ज्यांना नाही म्हणालात..." ती धापा टाकत म्हणाली, "ते माझे बाबा आहेत. सुजय सर."

डॉक्टर थबकले. चेहऱ्यावरचं हसू एकदम उतरलं. "मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी स्टेजवरून ते बोललोच नसतो. माफ कर."

"ते जाऊ द्या हो. मला सांगा, त्यांचं चित्र काय आलंय?"

"ते मी तुला सांगणं बरोबर नाही."

"पापलेट असणार. नाहीतर तुम्ही नाही कशाला म्हणाला असता?"

डॉक्टरांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला, पण नाकारलं नाही.

"आणि सर, समजा एखाद्याला आधीच चार पिशव्या चढवल्या, गरज नसताना. आणि त्याला त्याच वेळी धाप लागली. तर ती धाप पिशव्यांची असू शकते?"

या प्रश्नाला कुणी पैज लावली नव्हती. हा विचारताना तिच्या लक्षात आलं की आपला आवाज पुन्हा जुन्यासारखा, बाकाखाली जाणारा झालाय.

"एका माणसाबद्दल मी असं खात्रीने सांगू शकत नाही," डॉक्टर सावकाश म्हणाले. "पण प्लाझ्मा म्हणजे अंगात बाहेरून भरलेलं पाणीच. आधीच फुगलेल्या शरीरात घाईने एवढं भरलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. होतं असं. तू बाबांशी बोल. आणि लवकर बोल. पोटातलं पाणी आजच काढून तपासायला पाठवायला हवं, त्यांना ताप आहे. पाण्यात जंतू झाले असतील तर एकेक तास महाग पडतो. मी दुपारभर तिथेच आहे. त्यांची सही झाली की लगेच करतो."

म्हणजे बाबाने अजून सही केलेली नाही!

ती वर्गशिक्षिकेकडे गेली. शेजारी स्पृहा आणि शिल्पा दप्तर पुढे करून उभ्या होत्या, पैज वसूल करायला. आजवर किमयाने मैत्रिणींना "बाबांचं पोटाचं काहीतरी आहे" एवढंच सांगितलं होतं. लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांत बाटली उभी राहते, आणि ती बघायची तिची तयारी नव्हती.

"बाई, मला घरी जाऊ द्या. म्हणजे दवाखान्यात. बाबांचं लिव्हर बिघडलंय, ते ॲडमिट आहेत."

स्पृहाचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, पण तुझे बाबा तर..."

"नाही पीत. कधीच नाही. न पिताही होतं. विचार हवं तर त्या डॉक्टरांना, तू प्रश्न चांगले काढतेस." आणि ती निघालीसुद्धा.

रिक्षा मूर्तींच्या कारखान्यांच्या रस्त्यात अडकली. अर्धे रंगवलेले गणपती एका टेम्पोत चढत होते आणि चार माणसं "सांभाळ, सांभाळ, सोंड!" करत रस्त्यात आडवी होती. किमयाने दोनदा रिक्षातून डोकं बाहेर काढलं, एकदा रिक्षावाल्याला सुचवलं की फुटपाथवरून घ्या. तो म्हणाला, "ताई, विमान आणू काय?" शेवटी ती उतरून पळाली.

दवाखान्याच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, काका होता. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात शहाळं. त्याच्या बाजूच्या बाकावर हरेश बसल्या बसल्या पेंगत होता. हरेशच्या आईबापांनी काकाच्या शेतावर जन्म काढला. तो आता धाटावला एका कंपनीत लागलाय. रक्त द्यायला आणलेले आणखी दोन जण पलीकडे मोबाइल बघत होते. आणि फाटकाजवळ, मागचं दार उघडं टाकून, ॲम्ब्युलन्स उभी होती.

"काय गो, शाळा बुडवलीस?" काका ओरडला. "घे, शहाळं पी. घामेघूम झालीस."

"काका, ती गाडी कुणासाठी?"

"तुझ्या बापासाठी. हितं पिशव्या देत नायत ना? नको देऊ. रोह्याला नेतो. तिथं आपल्या शब्दाला मान हाय. संध्याकाळपर्यंत चार पिशव्या चढतील, सकाळी पाणी काढतील. सगळं सांगून ठेवलंय."

"सकाळी? अरे पण डॉक्टर म्हणतायत आजच काढायला हवं!"

"डॉक्टर! सकाळच्या गाडीनं आलो, कासू स्टेशनात लटकवली मेल्यांनी, हा हरेश नाईट शिफ्ट करून तसाच माझ्यासंगं चढला, नि तो डॉक्टर मला कागद दाखवतो. म्हणे रक्त बरोबर गोठतंय. अरे, रिपोर्टवर आकडा लाल हाय! लाल काय शोभेला छापलाय?"

हरेशने एक डोळा उघडला. "काका, रक्तपेढीवाली बाई मला म्हणली, झोप झाल्याबिगर रक्त घेणार नाय. मंग झोपू तरी द्या नीट."

"झोप, झोप. रोह्याला गेल्यावर उठवतो तुला."

"गाडीत झोपलं तर चालंल का? मागं जागा हाय ना?"

"ती पेशंटची जागा हाय रे येड्या!"

किमयाने शहाळं बाकावर ठेवलं. तिला एका जागी उभं राहवेना. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. "काका, ऐक ना माझं. त्या लाल आकड्याला अर्धीच गोष्ट कळते. मशीनमध्ये रक्त गोठवून बघतात. बारीक आलं तर बोंबील, रुंद आलं तर पापलेट. बाबाचं पापलेट आलंय. म्हणजे पिशव्यांची गरजच नाही."

काकाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने हरेशकडे पाहिलं. मग तो असा हसला की पलीकडच्या दोघांनी मोबाइलमधून माना वर काढल्या.

"पापलेट! अगो बाय माझे! माझ्या भावाचा जीव मी पापलेटावर टांगू व्हय?"

"हसू नको ना! आणि मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी काय?"

झालं. वाक्य तोंडात तयार होतं. मागच्या वेळी तुझ्या पिशव्यांनीच त्याला गुदमरवलं असेल, काका. एवढंच तर म्हणायचं होतं. पण काकाचं हसू मावळलं होतं आणि तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो ॲम्ब्युलन्सच्या उघड्या दाराकडे बघत होता.

"मागच्या वेळी पिशव्या व्हत्या म्हणून वाचला तुझा बाप," तो म्हणाला, हळू. "मी तिथं बसलेलो गो. त्याचे ओठ निळे पडले तवा मी मनात म्हटलं, या वेळी तरी रक्ताला कमी नाय पडलो. बापाच्या वेळी कमी पडलो. भावाच्या वेळी नाय. तेवढं एकच बरं काम झालंय माझ्या हातनं." त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं आणि लगेच आवाज चढवला. "पी ते शहाळं! गरम व्हतंय."

तिने शहाळं प्यायलं. दुसरं काही सुचेना म्हणून प्यायलं. याच माणसाने तिला कुंडलिका नदीत पोहायला शिकवलं होतं, पोटाखाली हात धरून. आणि "सोड आता" असं तिने स्वतः म्हणेपर्यंत त्याने तो हात काढला नव्हता. त्याला कसं सांगायचं? स्टेजवर पाचशे मुलांपुढे बोलणारी किमया, आणि पत्र्याच्या शेडखाली एका माणसापुढे तिची बोलती बंद. तिला स्वतःचा इतका राग आला की जिना चढताना तिने दोन-दोन पायऱ्या एकदम घेतल्या.

खोलीत बाबा उशांच्या ढिगाला टेकून अर्धवट बसला होता. चेहरा बारीक झालेला, पोट मात्र चादरीखाली टम्म. तिची आई वृंदा पिशवीत कपडे भरत होती. भरायची, बाहेर काढायची, परत भरायची.

"आई, हे काय चाललंय?"

"रोह्याला जायचंय ना. भावोजींनी गाडी आणलीय."

"बाबा, तू सही का नाही केलीस? डॉक्टर म्हणाले आजच करायला हवं. मी भेटले त्यांना. ते आमच्या शाळेत आले होते. मला सगळं माहीत आहे."

बाबाने डोळे मिटले. "दादा म्हणेल तसं करू, किमू. चार पिशव्यांनी काय होतंय?"

"काय होतंय?" तिचा आवाज चिरकला. "मागच्या वेळी काय झालं? तुला धाप कशाने लागली, माहितीय? दुखण्याने नाही. तसं होऊ शकतं, बाबा! प्लाझ्मा फुप्फुसात उतरू शकतो. तू गणिताचा मास्तर ना? मग जुळव ना गणित. पिशवी संपली आणि धाप लागली. सुई तर कुणी टोचलीच नव्हती!"

आईच्या हातातला टॉवेल खाली पडला. "काय बोलतेस तू?"

बाबाने डोळे उघडले. त्यात आश्चर्य नव्हतं, आणि तेच किमयाला सर्वांत आधी दिसलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पनवेलच्या डॉक्टरांनी तेव्हाच शंका काढली होती. काल या डॉक्टरांनी जुने पेपर बघितले, आणि तेही तेच म्हणाले." दोन वाक्यांमध्ये त्याला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. "शंभर टक्के नाही. पण बहुतेक तसंच."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत?" आई म्हणाली.

"तुला बोललो असतो तर तुझ्या तोंडून दादाला कळलं असतं. वृंदा, बाप गेला तेव्हापासून तो रात्री दचकून उठायचा. लग्न झालं तरी उठायचा. दिवाळीनंतर वहिनी मला म्हणाली, आता शांत झोपतात. का? तर भावाला रक्त मिळवून दिलं." बाबा थांबला. "आता त्याला जाऊन सांगू, की तू मला वाचवला नाहीस, तूच मला मारत होतास? मला नाही जमणार. त्यापेक्षा एक दिवस उशीर परवडला. या वेळी हळूहळू चढवा म्हणून सांगू. निभावून नेऊ."

"निभावलं नाही तर?"

आई खाटेच्या कडेवर बसली. तिने बाबाच्या कपाळावर हात ठेवला आणि तो लगेच उचलला, इतकं ते तापलेलं होतं. "मी तरी काय सांगू गो," ती किमयाला म्हणाली. "भावोजींना दुखवायचं कसं? सगळ्या अडीअडचणीला तेच उभे राहिलेत. आणि आज आपणच त्यांना..."

खिडकीतून खालून काकाचा आवाज आला. तो ॲम्ब्युलन्सवाल्याला गाडी वळवून दाराशी लावायला सांगत होता. "घे, घे, घे... अजून घे..."

किमया खिडकीपाशी गेली, परत आली, परत गेली. तिच्या डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी धावत होत्या आणि एकीलाही बसायला जागा नव्हती. बाबा काकाला वाचवायला स्वतःचा जीव पुढे करतोय. काका बाबाला वाचवायला तेच करतोय ज्याने बाबा जाईल. दोघांपैकी कुणीही वाईट नाही आणि गाडी मात्र दाराशी लागतेय!

खाली काकाचा फोन वाजला. तो मोठ्याने बोलला, नेहमीसारखा, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा. "हा बोला, हैबतराव बोलतोय... कुणाचं? तुमच्या सासऱ्यांचं? लिव्हर? पाणी काढायचंय? अहो, घाबरू नका. आधी पिशव्या घ्या. सुईला हात लावू देऊ नका. माझ्या भावाचं ऐका, पिशव्यांनीच वाचला. चार जण उद्या पाठवतो..."

किमया खिडकीत उभी राहिली ती हललीच नाही. मघापासून जे पाय थांबत नव्हते ते थांबले. तिने मागे वळून पाहिलं. आईनेही ऐकलं होतं. बाबानेही.

"ऐकलंस?" ती बाबाला म्हणाली. "तू त्याला सांगत नाहीस म्हणून तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला सांगतोय."

बाबाने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचा खांदा हलत होता. तो धापेने हलतोय की आणखी कशाने, हे तिला कळेना, आणि ते कळून घ्यायला वेळही नव्हता.

"बाबा, माझ्याकडे बघ. आई, तूसुद्धा." माइकसमोर जसा बाहेर पडायचा तसा तिचा आवाज नव्हता. बराच खालचा होता, पण लपलेला नव्हता. "मी ठरवलंय. मी आत्ता खाली जाणार आणि दिवाळीनंतर काय झालं ते काकाला सांगणार. सगळं. तुला नाही जमणार ना, मग मी सांगते. तो ओरडला तर ओरडू दे, रडला तर रडू दे, मी त्याच्या बाजूलाच बसून राहीन, संध्याकाळ झाली तरी. त्याला हेही सांगीन की तुला आधीच माहीत होतं, आणि तू का गप्प राहिलास. आई, तू डॉक्टरांना बोलव. बाबा, तू सही कर. गाडी आज रोह्याला जाणार नाही."